जुन्या धाटणीच्या इमारती, आजची गाडी: मॉडेल रेल्वेच्या इमारतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवलीत आमच्या आतल्या खोलीत सात बाय अडीच फुटांच्या फळीवर पश्चिम पेनसिल्व्हेनियातलं एक गाव वसलेलं आहे. गाव काल्पनिक आहे. डोंगर, विटा आणि रूळ मात्र पिट्सबर्गला काढलेल्या नऊ वर्षांत रोज पाहिलेले. गावातलं साल २००४. रुळांवर नॉरफोक सदर्न या रेल्वे कंपनीची काळी डिझेल इंजिनं धावतात. इमारती बहुतेक अशा किटमधल्या, ज्यांच्या खोक्यावर वाफेचं इंजिन आणि गोल टपाच्या मोटारी छापलेल्या असतात. त्यांना २००४ पर्यंत कसं आणलंत, हे विचारणारे इतके भेटले की शेवटी उत्तरं लिहून ठेवायला बसलो. मापं सगळी एचओची, म्हणजे १:८७. खऱ्या जगातला एक फूट इथे साडेतीन मिलिमीटर.

किटमध्ये येणाऱ्या इमारती इतक्या जुन्या वळणाच्या का असतात?

अमेरिकेतल्या छोट्या गावांचा मुख्य रस्ता साधारण १८८० ते १९३० या काळात उभा राहिला आणि मॉडेल करणाऱ्यांचा जीव १९४०-५० च्या दशकांत अडकलेला. वाफ जातेय, डिझेल येतंय, तो काळ. डीपीएम, वॉल्दर्सची कॉर्नरस्टोन मालिका, ॲटलस, बाकमनचं प्लास्टिकव्हिल या सगळ्यांनी गिऱ्हाईक पाहून माल काढला. शिवाय विटांची भिंत, कमानी, नक्षीची कॉर्निस (भिंतीच्या माथ्यावरची पुढे आलेली पट्टी) हे प्लास्टिकमध्ये झकास उठून दिसतं. पत्र्याचं सपाट गोदाम कोण हौसेने विकत घेणार?

मग सरळ आधुनिक इमारतीच का आणू नयेत?

दोन-तीन जरूर आणा. हमरस्त्याला एखादं पत्र्याचं गोदाम, एखादं साखळी-दुकान हवंच. पण सगळंच नवं केलंत तर गाव कालच उभारल्यासारखं दिसतं. खरी गावं अशी नसतात. अल्टूनाला पेनसिल्व्हेनिया रेलरोडची १८८२ ची कचेरीची इमारत आज रेल्वे संग्रहालय आहे. स्क्रॅन्टनचं १९०८ चं भव्य स्टेशन १९८३ मध्ये हॉटेल झालं. पिट्सबर्गच्या युनियन स्टेशनच्या वरच्या मजल्यांवर लोक भाड्याने राहतात आणि ॲमट्रॅक या राष्ट्रीय प्रवासी रेल्वेचे प्रवासी मागच्या बाजूने ये-जा करतात. इमारत तीच, आत कोण आहे, पैसे कोण भरतंय आणि दुरुस्ती किती स्वस्तात उरकली, एवढंच बदललेलं. आपल्याला तेच दाखवायचं आहे. त्यामुळे कटर हातात घेण्याआधी मी प्रत्येक इमारतीची चार ओळींची कुंडली लिहितो: बांधली कोणी, कधी बंद पडली, मग कोण आलं, आता काय आहे. कुंडलीत न बसणारा बदल करायचा नाही.

सुरुवात कशापासून करू?

सालापासून. ‘आधुनिक’ हे साल नाही. १९७५, १९९० आणि २०१५ ही तीन वेगवेगळी गावं आहेत.

छपरावरची काट्यांची टीव्ही अँटेना १९५० च्या दशकात आली. मोठ्या केंद्रांचं ॲनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ ला थांबलं, तरी गंजलेले अँटेना त्यानंतरही धुराड्याला बांधलेले दिसतात, कारण उतरवायला कोण वर चढणार? अठरा इंची छोटी डिश १९९४ पासूनची. तुमचं साल १९८८ असेल तर ती काढून टाका. दुकानाच्या पायरीला अपंगांसाठी उतार दिसू लागला तो १९९० च्या कायद्यानंतर. सोडियमचे नारिंगी रस्तादिवे १९७० च्या दशकात पसरले, पांढरे एलईडी २०१० नंतर. गाडीच्या शेपटाचा कबूज, म्हणजे गार्डचा डबा, १९८० च्या दशकात नाहीसा होत गेला. कॉनरेल ही रेल्वे कंपनी १ एप्रिल १९७६ ते १ जून १९९९. त्यानंतर तिचे रूळ नॉरफोक सदर्न आणि सीएसएक्स यांनी वाटून घेतले. माझ्या २००४ च्या गावात निळं कॉनरेल इंजिन दिसतं, पण नव्या मालकाचा रंग अजून न लागलेलं.

भिंतीवर कागद चिकटवून साल मोठ्या अक्षरात लिहा. हौसेच्या भरात भलतंसलतं विकत घेण्यावर तो कागद बराच लगाम घालतो.

एका इमारतीवर नेमकं काय काय केलंत, ते क्रमाने सांगाल?

कोपऱ्यावरची दुमजली विटांची इमारत घेऊ, अमेरिकन गावातली अगदी ठरलेली. कुंडली अशी: १९१० ला बांधली, खाली चपलांचं दुकान. १९६३ मध्ये मालकाने मॉलच्या धास्तीने दर्शनी भागावर ॲल्युमिनियमचा पडदा ठोकला. १९९१ मध्ये तो काढला. आता खाली पिझ्झा, वर दोन भाडेकरू.

हा ॲल्युमिनियमचा पडदा महत्त्वाचा. १९५०-६० च्या दशकांत हजारो दुकानांनी जुनी नक्षी त्याखाली झाकली. पुढे वारा उलटा वाहू लागला. जुन्या इमारती जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टचं मेन स्ट्रीट केंद्र १९८० मध्ये सुरू झालं आणि ऐतिहासिक इमारतींच्या दुरुस्तीला करसवलत मिळू लागली, १९८६ पासून ती २० टक्के आहे. पडदे उतरू लागले. म्हणजे २००४ ची दुकानं १९६५ च्या दुकानांपेक्षा जुनी दिसू शकतात! तुमचं साल १९७० असेल तर कोऱ्या प्लास्टिकची पन्हळी पट्टी दर्शनी भागावर चिकटवा, निम्मं काम झालं. माझ्या सालात पडदा गेलेला, पण त्याच्या खुणा राहिलेल्या. वरच्या भिंतीवर सात-सात मिलिमीटरवर, म्हणजे दर दोन फुटांवर, ०.४ मिमीच्या ड्रिलने बारीक भोकांच्या तीन ओळी पाडल्या आणि टूथपिकच्या टोकाने त्यांत राखाडी रंग भरला. विटांत सिमेंट भरून बुजवलेली ती खिळ्यांची भोकं. पडदा ठोकताना आड येणारी कॉर्निस तेव्हा सर्रास तोडत असत, म्हणून ती कानशीने घासून काढली आणि तिथे थोड्या वेगळ्या छटेच्या विटांची पट्टी बसवली.

मग खिडक्या. वरच्या मजल्याच्या खिडक्यांना किटमध्ये उभी आडवी बारीक दांडी असते. दांडी कापून टाकली की खिडकी एकदम पन्नास वर्षांनी तरुण. किटमध्ये खिडकीचा माथा कमानदार असतो, पण बाजारात तयार मिळणारी नवी खिडकी चौकोनी. कमानीएवढी काच कोण बनवून घेणार? म्हणून वरचा भाग सपाट फळीने बंद करतात. मी अर्ध्या मिलिमीटरची स्टायरीन प्लास्टिकची शीट कमानीत जरा आत ढकलून बसवली. ‘आत ढकलून’ हे दोन शब्द विसरू नका. बुजवलेली जागा भिंतीच्या पातळीत आली की डोळ्याला ती रंगाचा डाग वाटते. बाजूच्या भिंतीतली एक खिडकी विटांनी पूर्ण बंद केली, तीही अर्धा मिलिमीटर आत. उरलेल्यांपैकी एकीत खिडकीचा एसी: ७ बाय ४.५ मिमीचा तुकडा, अर्धा बाहेर, आणि त्याखाली विटांवर पाण्याचा पुसट ओघळ.

खालचं दुकान. किटमधल्या लाकडी चौकटी गडद तपकिरी धातूच्या रंगाने रंगवल्या, १९७० नंतरचं ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम असंच दिसतं. काचेवरची जुन्या काचतुकड्यांची पट्टी पाटीखाली झाकली. दार काढून एका काचेचं नवं दार लावलं, ३ बाय ७ फूट म्हणजे १०.५ बाय २४.५ मिमी. दारापुढे सात इंचांची पायरी होती. नियम असा की एक इंच चढायला किमान एक फूट लांबी, म्हणून सात इंचांना सात फूट: उंची २ मिमी, लांबी २४.५ मिमी, रुंदी १०.५. उतार सरळ रस्त्यात शिरत होता, म्हणून भिंतीलगत आडवा घेतला आणि कडेला ०.५ मिमीच्या तारेचा कठडा लावला. एवढ्याशा उतारावर माझे दोन रविवार गेले. पण पाहणाऱ्याचं बोट पहिल्यांदा तिथेच जातं.

मागची बाजू शेवटी ठेवली, कारण तीच सगळ्यात मजेदार. तीन वीजमीटर, गॅसचा मीटर, वरच्या भाडेकरूंसाठी लाकडी जिना, पिझ्झाच्या भट्टीचा पत्र्याचा धूरनळ आणि त्याखाली तेलकट काळा ओघळ. बाजूला कचऱ्याचा हिरवा डंपस्टर, सहा फूट रुंद म्हणजे २१ मिमी. त्याचं एक झाकण उघडं, एक बंद. दोन्ही बंद असलेला डंपस्टर मी अजून पाहिलेला नाही.

जुनं बांधलेलं मॉडेल हाती आलंय, त्याचा रंग कसा काढू?

आधी काय करू नका ते सांगतो, कारण किंमत मोजून शिकलोय. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं एनसी थिनर स्टायरीनला लावू नका. मी एक पूर्ण भिंत त्यात बुडवली आणि पंधरा मिनिटांनी ताटलीत लाल श्रीखंड उरलं. ॲसिटोनही तसंच.

डेटॉल चालतं. न पातळ करता, झाकणाच्या डब्यात मॉडेल बुडवून एक दिवस ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. खोच पुढे आहे: घासल्यावर लगेच नळाखाली धरू नका. पाणी लागताच सुटलेल्या रंगाचा पांढरट चिकट गोंद होतो आणि विटांच्या सांध्यांत जाऊन बसतो. आधी स्वच्छ डेटॉलनेच धुवा, मग साबणाचं पाणी. हातमोजे घाला आणि घरच्यांना आधी कल्पना द्या. आमच्याकडे दोन दिवस दवाखान्यासारखा वास होता. वास नको असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, महाग पडतं पण काम स्वच्छ होतं.

विटांचा रंग कोणता? आणि सांधे?

आधी हे ठरवा की भिंत धुतलेली आहे की नाही. पिट्सबर्गने १९४१ मध्ये धूरनियंत्रणाचा कायदा केला आणि १९४६ पासून तो अमलात आणला. त्याआधी शहर दिवसाही दिवे लावत असे. वाफेची इंजिनंही १९६० पर्यंत संपली. त्यामुळे नव्या काळातल्या भिंती सरसकट काजळलेल्या नकोत. काजळी उरते ती पाऊस पोचत नाही तिथे, कॉर्निसखाली आणि खिडकीच्या सिलखाली. बाकीची भिंत धुतलेली, कधी वाळूच्या फवाऱ्याने अती धुतलेली. उलट बऱ्याच भिंती रंगाने झाकलेल्या असतात, मळकट पांढरा, विटकरी, एखादा कुणालाच न शोभणारा हिरवा. पायथ्याशी तो रंग पोपडे धरतो.

मी आधी रेड ऑक्साइड प्रायमरचा एक पातळ हात मारतो (तुकड्यावर आधी तपासून, काही स्प्रे प्लास्टिक खातात), मग पाच-सहा विटा इकडेतिकडे वेगळ्या छटेने टिपतो. सांधे भरायला पांढऱ्या वॉल पुट्टीत चिमूटभर राख मिसळून कोरडीच भिंतीवर चोळतो आणि ओलसर बोटाने पुसतो. पुट्टी सांध्यांत राहते, विटेवरची निघते. शेवटी गेरूची पूड मऊ ब्रशने. मॉडेल जुनं-मळकं दाखवणाऱ्या परदेशी वेदरिंग पावडरची डबी जेवढ्याला येते तेवढ्यात गेरू आयुष्यभर पुरेल.

छपरावर इतका वेळ का घालवता?

कारण मॉडेल आपण वरून बघतो. खऱ्या गावात छप्पर दिसत नाही, फळीवरच्या गावात आधी छप्परच दिसतं, आणि किटमध्ये तिथे एक कोरी राखाडी शीट दिलेली असते.

जुनं छप्पर डांबर आणि खडीचं. नंतर काळं रबर, १९९० नंतर हळूहळू पांढऱ्या पडद्याचं. काळ्या रबरासाठी मी टिश्यू पेपरच्या पट्ट्या पातळ फेविकॉलने चिकटवून गडद राखाडी रंगवतो. सांधे आपोआप उमटतात. कठड्याच्या विटांवर पत्र्याची टोपी हवी, त्यासाठी औषधाच्या गोळ्यांच्या पट्टीमागचा ॲल्युमिनियम कागद. एसीचा मोठा डबा एकच, सुमारे २४ बाय १४ बाय १३ मिमी, छपराच्या मध्याच्या जरा मागे. गावात रस्त्यावरून दिसू नये म्हणून तो तिथे ठेवतात. स्वयंपाकघराचा पंखा, दोन-तीन नळ्या, एखादा विसरलेला रंगाचा डबा, आणि जिथे पाणी साचतं तिथे मातीचं कडं.

डिश अठरा इंचांची म्हणजे सव्वापाच मिमी. पंचमधून निघणारी प्लास्टिकची चकती जवळपास तेवढीच असते. खोडरबरावर ठेवून गोल टोकाने दाबली की खोलगट होते. बायको म्हणाली टिकली लाव. लावली, आणि चिकटवायला गोंदही लागला नाही. एक महत्त्वाचं: गावातल्या सगळ्या डिश एकाच दिशेला, दक्षिणेकडे, वर बघणाऱ्या. माझ्या फळीवर दक्षिण कुठे हे त्या दिवशी पहिल्यांदा ठरलं.

कारखाने आणि गोदामांचं काय? तिथे दुकानापेक्षा अवघड जातंय.

जाणारच, कारण तिथे नुसतं सजवून भागत नाही, जागा बदलावी लागते.

ट्रक घ्या. खोक्यावरचा १९४० चा ट्रेलर पंचवीस-तीस फुटी. २००४ चा ट्रेलर ५३ फुटी, म्हणजे १८५.५ मिमी, आणि पुढे इंजिनाचा ट्रॅक्टर वेगळा. माझ्या तीनमजली कारखान्यापुढचं अंगण १५० मिमीचं होतं. मी माल चढवायचा धक्का बांधला, रबरी टेकू लावले, नंबर लिहिले, समाधानाने बसलो. भाचा आला, ट्रक हातात घेतला आणि म्हणाला, “मामा, हा आत गेला कसा? याला बाहेर काढणार कसं?” धक्का उखडला. खऱ्या कारखान्यांनाही हीच अडचण आली होती आणि त्यांनी जे केलं तेच मग मी केलं: इमारतीचा एक कोपरा कापला आणि धक्क्याची दारं करवतीच्या दातांसारखी तिरकी लावली, म्हणजे ट्रेलर तिरपा लागतो आणि कमी अंगणात वळतो. धक्क्याची उंची चार फूट, १४ मिमी.

रुळांच्या बाजूला वेगळी कथा. जुन्या गोदामाची दारं चाळीस फुटी मालडब्यांच्या अंतराने बांधलेली, एका डब्यासमोर एक दार. डबे पन्नास फुटी झाले आणि दारं जुळेनाशी झाली. म्हणून सहापैकी चार दारं काँक्रीटच्या ठोकळ्यांनी बंद, एक रुंद केलेलं, एक तसंच गंजलेलं. काँक्रीटचा ठोकळा १६ बाय ८ इंच, म्हणजे ४.७ बाय २.३ मिमी, विटेपेक्षा ठळकपणे मोठा दिसायला हवा. कारखान्याने रेल्वे सोडलीच असेल तर साइडिंगचे रूळ ठेवा, पण मुख्य मार्गाला जोडणारा काटा काढून टाका आणि मध्ये झुडपं उगवू द्या. माझ्या मते अख्ख्या फळीवर सगळ्यात बोलकी जागा हीच आहे.

लोखंडी चौकटीच्या मोठ्या खिडक्यांत प्रत्येक तावदान वेगळं हाताळा. काही काचेची, काही फुटलेली, काही पत्र्याने झाकलेली, एखाद्यातून पंख्याचा डबा बाहेर. काही कारखान्यांनी खिडकीची सगळी चौकटच पन्हळी फायबरने बंद केली. कोळशाच्या भट्टीचं धुराडं अर्ध्यात छाटलेलं आणि माथ्यावर मोबाइलच्या अँटेनाचे तीन उभे पट्टे, प्रत्येकी २१ बाय ३.५ मिमी. धुराड्यावरच्या कंपनीच्या नावाची निम्मी अक्षरं वर गेली, निम्मी उरली, असं छाटा.

बंद पडलेलं सगळं पाडतात असं मात्र समजू नका. पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमला पोलादाच्या भट्ट्या १९९५ मध्ये थंड झाल्या. भट्ट्या अजून उभ्या आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी २०११ पासून गाण्याचे कार्यक्रम होतात.

स्टेशन, मालघर, पाण्याची टाकी, कोळशाचा मनोरा: हे ठेवू की काढू?

पाण्याची लाकडी टाकी काढा, तिचा काँक्रीटचा पाया ठेवा. कोळशाचा काँक्रीट मनोरा असेल तर राहू द्या. तो पाडण्याचा खर्च इतका की अनेक ठिकाणी मुख्य मार्गावर तो नुसता उभाच आहे. पण खालून काय जाणार ते मोजा. दोन मजली कंटेनरगाडी रुळापासून २० फूट २ इंच उंच, म्हणजे जवळजवळ ७१ मिमी. पेनसिल्व्हेनियात याच गाड्यांसाठी गॅलिट्झिनचा ॲलेघेनी बोगदा १९९५ मध्ये मोठा केला. जुन्या किटमधले पूल आणि शेड या उंचीला हमखास कमी पडतात.

मालघरातला किरकोळ माल १९६० च्या दशकात ट्रककडे गेला, पार्सलं नेणारी रेल्वे एक्सप्रेस कंपनी १९७५ मध्ये बुडाली. माझ्या गावात मालघर सध्या गाद्यांचं दुकान आहे. स्टेशनावर १९७१ पासून ॲमट्रॅक आहे किंवा काहीच नाही. ॲमट्रॅक थांबत असेल तर खरी इमारत कुलूपबंद ठेवून शेजारी काचेचा छोटा निवारा करा. नसेल तर वकिलाची कचेरी, उपाहारगृह, किंवा रेल्वेचंच सिग्नल-दुरुस्तीचं ठाणं. पांढरी गाडी, केबलची रिळं, फलाटाची कड तोडलेली.

जुना पेट्रोलपंप आहे, त्याचं काही होईल का?

होईल, पण पंप म्हणून नाही. अमेरिकेत जमिनीखालच्या जुन्या टाक्या बदलण्याची शेवटची तारीख २२ डिसेंबर १९९८ होती. खर्च न परवडणारे लहान पंप बंद झाले. टाक्या काढल्याच्या जागी डांबराचा नवा काळा चौकोन, पंपांच्या चौथऱ्यावर फुलझाडांची कुंडी, आत टायरवाला. इतकंच.

पाट्या कशा कराव्यात?

संगणकावर छापा, कागदाच्या कडा रंगवा. पांढरी कड दिसली की खेळ संपला. १९५० पर्यंतच्या पाट्या हाताने रंगवलेल्या, नंतर आतून दिवा असलेले प्लास्टिकचे डबे, नंतर व्हिनाइल. जुनी पाटी पुसू नका. विटांवरची फिकी जाहिरात ठेवून नवी पाटी तिच्यावर अर्धवट लावा. साखळी-दुकानांची बोधचिन्हं दोन-तीनच हवीत आणि त्या सालची, कारण ती बदलत राहतात. रिकाम्या दुकानाच्या काचेत ‘भाड्याने देणे’ची पाटी हवीच. सगळी दुकानं चालू असलेला मुख्य रस्ता मी पेनसिल्व्हेनियात पाहिलेला नाही.

दिवे?

रस्त्याला नारिंगी, कार्यालयाला पांढरे, घराला पिवळसर. बारा व्होल्टला एक किलोओहमचा रेझिस्टर लावा, एलईडी मंद आणि खरी वाटते. भिंतींना आतून काळा रंग द्या, नाहीतर विटांतून उजेड झिरपतो. सगळ्या खिडक्या उजळवू नका.

किती बदल केले म्हणजे पुरे?

माझ्या पहिल्या इमारतीवर डिश होती, एसी होते, सौर पॅनेल, मोबाइलचे पट्टे, उतार, एटीएम, डंपस्टर, सगळं होतं. लग्नातल्या नवरीला सगळ्यांकडचे दागिने एकदम घातल्यासारखी उभी होती बिचारी. आता एका इमारतीला तीन किंवा चार ठळक बदल, आणि गावात एक-दोन इमारतींना काहीच नाही. सौर पॅनेल तर मी पूर्णच काढली, २००४ च्या तशा गावात ती कुठून येणार?

इंग्लंडची किंवा जर्मनीची किट मिसळली तर चालतील का?

मापाकडे बघून. इंग्लंडचं डबल-ओ १:७६ आहे, सात फुटी दार तिथे २८ मिमी होतं. शेजारी एचओचं २४.५ चं दार ठेंगणं दिसेल. मागच्या रांगेत उलटंच बरं, तिथे लहान मापाची इमारत लांब असल्यासारखी वाटते. जर्मन किट पुष्कळदा एचओ लिहून प्रत्यक्षात लहान केलेली असतात. दाराला पट्टी लावून बघा, मग ठरवा.

सामान इथे मिळतं का?

पातळ स्टायरीन शीट आणि पट्ट्या मागवाव्या लागतात. बाकी बरंच घरात आहे. सीडीचं पारदर्शक कव्हर पॉलिस्टायरीनचंच असतं, खिडकीच्या काचेला उत्तम आणि प्लास्टिक सिमेंटने जुळतं. काचेजवळ फेविक्विक वापरू नका, पांढरी वाफ धरते. सनबोर्ड आतल्या आधाराला ठीक, दर्शनी भागाला नको.

हेच सगळं भारतीय रेल्वेला लावता येईल?

पद्धत लावता येते, किट क्वचित. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी, एचओत ती १९.३ मिमी व्हायला हवी आणि रूळ मिळतात १६.५ चे. हे डोळ्याआड करून बहुतेक जण पुढे जातात, मीही जाईन. घाटातलं जुनं दगडी स्टेशन घ्या: कौलं तशीच, पण फलाटावर रंगीत पत्र्याची नवी शेड, काळ्या प्लास्टिकच्या टाक्या, तीन भाषांतली पिवळी पाटी, पंचवीस हजार व्होल्टच्या तारेचे खांब, पावसाळ्यात गळक्या कौलांवर निळी ताडपत्री. भारतात हा छंद कुठवर जातो हे पाहायचं असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, १९९८ पासून. मुलांना घेऊन जा आणि स्वतः जास्त वेळ थांबा.

वडिलांनी चाळीस वर्षांपूर्वी बांधलेली इमारत आहे. ती कापायचं धाडस होत नाही.

मग कापू नका. सांधे फेविक्विकचे असतील तर फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवल्यावर अलगद सुटू शकतात, हे खरं. पण त्याची गरज काय? भिंतींना हात न लावता छप्पर नवं करा, पाटी बदला, मागे मीटर आणि डंपस्टर ठेवा. माझ्याकडे काकांनी बांधलेलं एक लाकडी घर आहे, खिडक्या वाकड्या, गोंदाचे ओघळ दिसणारे. गावाच्या टोकाला ते तसंच उभं आहे. समोर गवत वाढलंय, दारात २००४ ची टपालपेटी, आणि छपरावर काट्यांचा अँटेना, एक काटा मोडलेला.